अर्ध्यात सुटलेला फॉर्म

पावसाळा सरला की गोंदियाकडच्या नागझिरा अभयारण्याची दारं उघडतात. चोरखमारा, मंगेझरी या गेटांकडच्या गावांत जिप्सीवाल्यांची आणि गाइडची धावपळ सुरू होते, आणि पुण्या-मुंबईकडे दिवाळीच्या सुट्टीचे बेत आखले जातात. रात्री जेवणं आटोपल्यावर घरातलं कुणीतरी मोबाइलवर एखाद्या होमस्टेचं संकेतस्थळ उघडतं. चौकशीचा फॉर्म समोर येतो. नाव, ईमेल, मोबाइल, तारखा, माणसं किती, इथवर बोटं भराभर चालतात. मग सफारीसाठी प्रत्येकाच्या ओळखपत्राचा क्रमांक विचारला जातो. सासूबाईंचं आधार कार्ड कपाटात, मुलाचं शाळेच्या फायलीत. ‘सकाळी भरू’ म्हणून फोन बाजूला ठेवला जातो. सकाळी तो फॉर्म कुणाच्याच लक्षात राहत नाही.

ऑनलाइन व्यापारात या माणसाला ‘लीड’ म्हणतात, म्हणजे गिऱ्हाईक होऊ शकेल असा माणूस. तो उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेला, म्हणून त्याच्या मागे जाण्याचं एक अख्खं तंत्र उभं राहिलं आहे. फॉर्मच्या पानावर एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. एक रकाना भरून तुम्ही दुसऱ्यावर गेलात की पहिल्यातला मजकूर तो लगेच सर्व्हरवर साठवतो. ‘सबमिट’चं बटण दाबण्याची वाट पाहत नाही. अर्ध्या-एक तासात फॉर्म पूर्ण झाला नाही की आपोआप एक ईमेल निघतो. ‘तुमची चौकशी अर्धी राहिली आहे, इथून पुढे भरा.’ त्यातल्या दुव्यावर बोट ठेवलं की आधी भरलेलं सगळं जसंच्या तसं दिसतं आणि तुम्ही नेमके थांबला होतात त्या रकान्यावर पोचता. उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी आणखी एक ईमेल, तीन-चार दिवसांनी शेवटचा. फॉर्म पूर्ण झाला किंवा माणसाने ‘नको’ म्हटलं की मालिका थांबते, निदान थांबायला हवी.

यात वेळेला फार किंमत आहे. २०११ साली जेम्स ओल्डरॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक पाहणी मांडली. त्यांनी २,२४१ अमेरिकी कंपन्यांकडे ऑनलाइन चौकशी आल्यावर काय होतं ते तपासलं होतं. तासाभरात उत्तर देणाऱ्या कंपन्या होत्या ३७ टक्के, आणि २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. त्याच लेखात सांगितलेल्या दुसऱ्या एका पाहणीत, जे तासाभरात पोचले त्यांना, त्यानंतर एका तासाने पोचलेल्यांपेक्षा, कामाचं बोलणं होण्याची संधी सुमारे सात पट होती. गोंदियातल्या भातगिरणीवाल्याला हे सांगायला हार्वर्ड लागत नाही. रायपूर-नागपूरच्या व्यापाऱ्याचा भाव विचारणारा फोन आला आणि तो संध्याकाळपर्यंत उचलला नाही, तर सौदा दुसऱ्या गिरणीत झालेला असतो. आता हीच चौकशी संकेतस्थळांवरून येते, आणि उसना म्हणजे उकडा तांदूळ किती टन, किती टक्के तुकड्याचा, कुठे पोचवायचा या रकान्यांपैकी तिसऱ्यापाशीच ती अडून राहते.

माणूस अर्ध्यावर का सोडतो, याचं उत्तर पुष्कळदा फॉर्ममध्येच सापडतं. एक्सपीडिया या प्रवास-नोंदणी करणाऱ्या कंपनीचा किस्सा या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या फॉर्ममध्ये ‘कंपनी’ असा एक रकाना होता, तोही भरलाच पाहिजे असा नव्हता. लोक गोंधळून तिथे आपल्या बँकेचं नाव लिहीत आणि पुढच्या पत्त्याच्या जागी बँकेचा पत्ता. पत्ता जुळत नसल्यामुळे कार्डाचा व्यवहार नाकारला जाई. तो एक रकाना काढून टाकल्यावर वर्षाचा नफा सुमारे १ कोटी २० लाख डॉलरने वाढला, असं कंपनीनेच सांगितलं. आठवणीचे ईमेल पाठवण्याच्या आधी करायचं काम हे आहे: लोक कुठल्या रकान्यावर थांबतात ते पाहायचं आणि तो रकाना खरंच लागतो का, ते स्वतःला विचारायचं.

या तंत्राची दुसरी बाजूही आहे. मी बटण दाबलं नाही, म्हणजे मी अजून काही दिलेलं नाही, अशी माणसाची साधी समजूत असते. २०१७ मध्ये ‘गिझमोडो’च्या पत्रकारांनी नेव्हीस्टोन नावाच्या कंपनीचा प्रकार उघड केला. तिचा प्रोग्राम बसवलेल्या संकेतस्थळांवर लोकांनी बटण दाबण्याआधीच त्यांचे पत्ते आणि ईमेल उचलले जात होते. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी जगातली सर्वाधिक वापरली जाणारी एक लाख संकेतस्थळं तपासली. युरोपातून पाहिलं तेव्हा १,८४४ आणि अमेरिकेतून पाहिलं तेव्हा २,९५० संकेतस्थळं नुसता टाइप केलेला ईमेल पत्ता, सबमिट होण्याआधी, पाळत ठेवणाऱ्या तिसऱ्याच कंपन्यांना देत होती. आपल्याकडे २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मोकळ्या मनाने, नेमक्या कामासाठी आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, असं तो कायदा म्हणतो. अर्धवट भरून सोडलेला फॉर्म ही स्पष्ट कृती नव्हे, असं माझं मत आहे. होमस्टेवाल्याला पाठपुरावा करायचा असेल तर फॉर्मच्या माथ्यावरच एक ओळ लिहावी, ‘तुम्ही भरत असलेली माहिती आपोआप साठवली जाते, फॉर्म अर्धा राहिला तर आम्ही एकदा आठवण करू.’ एवढी ओळ वाचून जो जाईल, तो तसाही येणार नव्हता.

होमस्टे आणि गिरण्यांचं इथवर पुरे. कारण गोंदिया जिल्ह्यात रोज जे फॉर्म अर्ध्यात सुटतात, त्यातले बहुसंख्य सहलीचे किंवा तांदळाचे नसतात.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडे जंगल, बाकी बहुतेक धान. इथल्या माणसाच्या आयुष्यात ऑनलाइन फॉर्म येतो तो शिष्यवृत्तीचा, उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्याचा, धान खरेदीच्या नोंदणीचा, शेतकरी ओळख क्रमांकाचा, लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीचा. सहल हुकली तर फार तर दिवाळी घरी होते. या फॉर्मांचं तसं नाही. धानाचंच घ्या. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत केंद्रांवर धान विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता, आणि वर राज्याने नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांना हेक्टरी २०,००० रुपये बोनस जाहीर केला, दोन हेक्टरच्या मर्यादेत. म्हणजे एका घराची नोंदणी सातबाऱ्याच्या किंवा आधारच्या कुठल्याशा अडचणीवर थांबली, तर ४०,००० रुपयांपर्यंतच्या रकमेवर पाणी सोडावं लागू शकतं. आणि केंद्रावर न गेलेलं धान खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर तो म्हणेल त्या भावाने जातं.

हे फॉर्म लोक घरी बसून भरत नाहीत. ते भरले जातात तहसील कार्यालयाच्या आसपासच्या सेवा केंद्रांवर. आपले सरकार सेवा केंद्र, सेतू, सीएससी अशी पाट्यांवर नावं वेगवेगळी, आतला देखावा एकच: एक संगणक, एक प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, भिंतीवर दाखल्यांच्या दरांचा तक्ता, आणि बाहेर बाकावर बसलेली रांग. आमगावकडच्या अशाच एका केंद्रात मी बसून होतो. एक म्हातारे गृहस्थ नातीला घेऊन आलेले.

“टुरीचा फारम भराचा आहे जी, शिष्यवृत्तीचा.”

केंद्रचालकाने नाव टाकलं, आधार क्रमांक टाकला, बटण दाबलं. “ओटीपी आला का, बाबाजी?”

“मोबाइल त तिच्या बापाजवळ आहे. तो हैदराबादले गेला कामावर.”

मग हैदराबादला फोन. एकदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा ओटीपीची मुदत उलटलेली. पुन्हा ओटीपी. तो आला, आकडा फोनवरून ओरडून सांगितला गेला, प्रोफाइल उघडलं. पत्ता, शाळा, दहावीचे गुण भरून झाले. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा निघाला. “नवा लागते, बाबाजी. तलाठ्याकडून आणा.” नातीने कागद पिशवीत भरले. फॉर्म तिथेच राहिला. त्या दिवशी या दोघांचा मोलाचा एक दिवस आणि गावापासूनचं येण्याजाण्याचं भाडं खर्ची पडलं होतं.

या फॉर्मला कुणी पाठपुराव्याचा ईमेल पाठवला, तर तो कुणाला मिळेल? आजोबांकडे ईमेल नाही. नातीचा ईमेल पत्ता केंद्रचालकाने त्याच बैठकीत तयार केला होता, कारण रकाना रिकामा सोडता येत नाही. पासवर्ड त्याच्या वहीत. मोबाइल क्रमांक हैदराबादच्या बांधकामावरच्या बापाचा. पुष्कळ फॉर्मांवर तर केंद्रचालकाचा स्वतःचा किंवा शेजारच्या दुकानदाराचा क्रमांक असतो, ओटीपी हाताशी मिळावा म्हणून. व्यापारातलं सगळं पाठपुराव्याचं तंत्र एका गृहीतावर उभं आहे: फॉर्मवरचा पत्ता हा फॉर्म भरणाऱ्याचाच असतो. गोंदियात ते गृहीत पहिल्या रकान्यालाच कोसळतं.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीने हे सगळ्या राज्याला दाखवून दिलं. २०२५ च्या सप्टेंबरात ती सक्तीची झाली तेव्हा बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर येणारा ओटीपीही लागत होता. ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत, अशा बाया त्या पायरीवर अडल्या. मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, ती पुढे ३१ डिसेंबर झाली, आणि विधवा व निराधार बायांसाठी वेगळी सोय करावी लागली. एक रकाना चुकीचा मांडला गेला की किती माणसं एकाच जागी थबकतात, याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नसेल.

शिष्यवृत्तीचा रस्ता तर आणखी लांबचा. महाडीबीटीच्या पोर्टलवर विद्यार्थ्याने अर्ज केला की तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथला लिपिक तपासतो, मग समाजकल्याण किंवा, आदिवासी विद्यार्थी असेल तर, देवरीच्या प्रकल्प कार्यालयाच्या लॉगिनला. कुठेही खोट निघाली की अर्ज ‘सेंड बॅक’ होतो. पोर्टलवर एका ओळीचा शेरा उमटतो. तो वाचायचा तर पुन्हा लॉगिन करावं लागतं आणि लॉगिन केंद्राच्या वहीत आहे. अर्ज आपल्याकडे परत आला आहे, हे मुलीला कळतं ते वर्गातल्या इतरांचे पैसे जमा झाल्यावर. तोवर दुरुस्तीची मुदत गेलेली असते.

कागदांचीही एक अडचण आहे, ती या भागाची खास. जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १९५० च्या आधीचा, इतर मागासवर्गाला १९६७ च्या आधीचा. हा मुलूख आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. आजोबा-पणजोबांची जात लिहिलेला कागद बहुतेकदा मिळतो तो गावच्या कोतवाल पंजीत, जन्म-मृत्यूच्या नोंदीत; कधी हिंदीत, कधी मोडक्या अक्षरात. असा कागद हुडकायला आठवडे लागतात. पोर्टलवरचं सेशन मात्र काही मिनिटं हालचाल दिसली नाही की बंद पडतं.

या अर्धवट फॉर्मांसाठी सरकारकडे आजवर एकच औषध आहे: मुदतवाढ. धान नोंदणीला मुदतवाढ, शिष्यवृत्तीला मुदतवाढ, ई-केवायसीला मुदतवाढ. वर्तमानपत्रात बातमी येते, आमदार निवेदन देतात, तारीख पुढे जाते. जे थांबले होते ते कशामुळे थांबले, हे न पाहताच तारीख पुढे जाते. म्हणून वाढीव मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत पुन्हा तीच गर्दी, तेच ‘सर्व्हर डाऊन’. तारीख सगळ्यांसाठी सारखी पुढे सरकते. अडचण मात्र प्रत्येकाची निराळी असते. एकाला दाखला हवा, दुसऱ्याला ओटीपी, तिसऱ्याचं बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. पोर्टलला हे माहीत आहे. कोण कुठल्या पानावर थांबला, हे सर्व्हरवर नोंदलेलंच असतं. होमस्टेवाला याच नोंदीवरून गिऱ्हाईक परत आणतो.

कायद्यातही अर्धवट अर्जाला जागा नाही. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ सालचा, चांगला कायदा. अमुक दिवसांत दाखला मिळालाच पाहिजे, नाही मिळाला तर अपील, अधिकाऱ्याला दंड. पण दिवसांची मोजणी सुरू होते ती सर्व बाजूंनी पूर्ण असलेला अर्ज पोचल्यापासून. त्याआधी जो अडला, तो त्या हक्काच्या हिशेबातच येत नाही.

मग सरकारनेही व्यापाऱ्यासारखे आपोआप संदेश पाठवावेत का? इथे अमेरिकेतल्या तीन प्रयोगांचा दाखला द्यावासा वाटतो, कारण ते नेमके याच प्रश्नावर झाले आहेत. तिथे कॉलेजच्या सरकारी मदतीसाठी ‘फाफ्सा’ नावाचा लांबलचक फॉर्म भरावा लागतो. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हा फॉर्म पुन्हा भरण्याची आठवण करणारे मोबाइल संदेश पाठवले, आणि उत्तर पाठवलं तर माणूस मदत करील अशी सोय ठेवली. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत दुसरं वर्ष टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १४ टक्के-बिंदूंनी वाढलं. हे पाहून मोठा प्रयोग झाला, आठ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर. ठरावीक मजकूर, दूरच्या संस्थेकडून. परिणाम काहीच दिसला नाही. तिसरा प्रयोग या दोन्हींच्या आधीचा, एरिक बेटिंगर आणि सहकाऱ्यांचा, ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात. गरीब कुटुंबं प्राप्तिकराचा कागद भरायला एच अँड आर ब्लॉकच्या दुकानात येत. तिथल्याच माणसाने त्यांच्यासमोर फाफ्सा भरून दिला. त्या घरांतल्या बारावीच्या मुलांत पुढे दोन वर्षं कॉलेज पुरं करणारे २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. ज्यांना फक्त माहितीचा कागद दिला, त्यांच्यात काही फरक पडला नाही.

प्राप्तिकराच्या त्या दुकानात मला आमगावचं केंद्र दिसतं. नुसता निरोप माणसाला जागचा हलवत नाही. निरोप ओळखीच्या, जवळच्या माणसाकडून आला आणि पलीकडे हात धरून फॉर्म पुरा करून देणारं कुणी असलं, तर तो कामाचा.

त्या केंद्रचालकाकडे एक दोनशे पानी वही होती. शाईने आखलेले रकाने: नाव, गाव, मोबाइल, कशात अडलं, काय आणायचं. मोबाइलच्या पुढे कंसात लिहिलेलं असतं, ‘काका’, ‘दुकान’, ‘बाप – हैदराबाद’. काम झालं की ओळीवर तिरकी रेघ. संध्याकाळी गर्दी ओसरली की तो रेघ न मारलेल्या ओळींवर फोन लावतो, ‘दाखला निघाला का? उद्या या, साइट सकाळी चालते.’ पाठपुराव्याची जी यंत्रणा शहरातल्या कंपन्या महिन्याच्या भाड्याने विकत घेतात, ती या वहीत आहे, आणि त्यांच्या यंत्रणेत नसलेला एक रकानाही आहे: हा मोबाइल कोणाचा. या फोनांचे त्याला कुणी पैसे देत नाही. केंद्राला शुल्क मिळतं ते अर्ज भरल्याचं. अर्ज मंजूर झाला की अर्ध्यात बुडाला, त्याच्या कमाईत फरक पडत नाही. तरी तो फोन करतो. असे सगळेच करत असतील असं नाही. रांग लांब असली की मागच्याचा फोन कोण करणार?

संदेशाचं तंत्रही इथे जसंच्या तसं आणता येत नाही, त्याला तीन कारणं आहेत आणि तिन्ही सोडवण्यासारखी आहेत.

एक, मोबाइलवरचा एसएमएस. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार घाऊक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपलं नाव आणि संदेशाचा मसुदा आधी नोंदवावा लागतो. ८ मार्च २०२१ ला ही तपासणी काटेकोर सुरू झाली तेव्हा देशभर बँकांचे आणि आधारचे ओटीपी अडकले होते आणि ती काही दिवस थांबवावी लागली. त्यात लिपीचा जाच वेगळा. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. मराठी संदेश म्हणजे दोन-तीन एसएमएसचा खर्च. म्हणून खात्यांचे संदेश पुष्कळदा इंग्रजीत येतात, किंवा रोमन लिपीतल्या अशा मराठीत की ती वाचायला इंग्रजी यावं लागतं.

दुसरं कारण भाषेचंच, पण खोलवरचं. नव्या विदा कायद्याने माणसाला सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची मुभा दिली आहे. मराठी त्या यादीत आहे. गोंडी नाही. दरवर्षी माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला कोया पुनेम या गोंडी धर्माची जत्रा भरते आणि अनेक राज्यांतले गोंड तिथे येतात. त्यांच्या भाषेत सरकारी फॉर्मची एक ओळ मिळण्याचा हक्क अजून कुणाला नाही. इथल्या पोवारी बोलीतही नाही. लेखी संदेश अडतो तिथे बोललेला निरोप चालतो. गोंडीत रेकॉर्ड केलेला अर्ध्या मिनिटाचा फोन हा तांत्रिकदृष्ट्या अगदी मामुली प्रकार आहे.

तिसरं, आणि मला सर्वात काळजीचं वाटणारं, म्हणजे दुवा. व्यापारी ईमेलचा सगळा जीव त्यातल्या दुव्यात असतो: इथे दाबा आणि पुढे भरा. गावाकडे हाच दुवा लुटारूंचं हत्यार झाला आहे. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फायली फिरतात, उघडल्या की खातं रिकामं. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीची खोटी संकेतस्थळं निघाली, सरकारला इशारे द्यावे लागले. ज्या घरात काल ‘कुठल्याही लिंकवर बोट ठेवू नका’ असं सांगितलं, त्या घरात आज खात्याने स्वतःच लिंक पाठवायची हे बरं नाही. सरकारी आठवणीत दुवा असूच नये. त्यात जात, आधार क्रमांक, बँक यांतलंही काही नको, कारण तो फोन शेजारच्या दुकानदाराचा असू शकतो. ट्रायने पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी सरकारी संदेशांसाठी ‘जी’ हे अक्षर ठरवलं आहे. ते ओळखायला शाळेत, बचत गटात शिकवावं.

मजकूर एवढाच पुरे: ‘तुमच्या मुलीचा शिष्यवृत्ती अर्ज पूर्ण झालेला नाही. या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला हवा. तो घेऊन ३० तारखेच्या आत कॉलेजच्या कार्यालयात किंवा जवळच्या सेवा केंद्रात जा.’ काय अडलं, काय आणायचं, कुठे जायचं, कधीपर्यंत. आजचे संदेश ‘आपला अर्ज प्रलंबित आहे, कृपया पोर्टलला भेट द्यावी’ इथेच संपतात, आणि वाचणाऱ्याला त्यातून एकही पाऊल उचलता येत नाही.

एक्सपीडियाने एक रकाना काढला. आपल्याकडच्या फॉर्मांत बरेच काढता येतील. जी माहिती आधारमध्ये, सातबाऱ्यात, बोर्डाच्या निकालात आधीच आहे ती पुन्हा पुन्हा विचारण्याला काही अर्थ नाही. एक मात्र वाढवावा, वहीतलाच: ‘हा मोबाइल कोणाचा?’ स्वतःचा, घरातल्याचा, सेवा केंद्राचा, शेजाऱ्याचा. आणि त्याच्याखाली, ‘निरोप कुणाजवळ द्यावा?’ कॉलेज, ग्रामपंचायत, आशाताई, धान खरेदी केंद्र. मग अर्धवट अर्जांची यादी आपोआप त्या-त्या ठिकाणी जाईल. केंद्रचालकाला अर्ज भरल्याच्या शुल्काखेरीज अर्ज पूर्णत्वाला गेल्याचं थोडं मानधन द्यावं; मुदतवाढीच्या जाहिरातींवरच्या खर्चातून ते भागण्यासारखं आहे. यादी द्यायची तर तिच्यावर कुलूपही हवं. जात आणि उत्पन्न लिहिलेली यादी व्हॉट्सअॅपच्या गटावर फिरली, तर ज्या मुलीसाठी हे करायचं तिलाच त्याचा त्रास होईल. यादीत फक्त नाव, अर्ज क्रमांक आणि अडलेला कागद असावा.

सुरुवात करायला अख्खं राज्य लागत नाही. सालेकसा किंवा देवरीसारखा एक तालुका आणि शिष्यवृत्तीचा एक हंगाम घ्यावा. ‘सेंड बॅक’ झालेल्या आणि अर्ध्यावर थांबलेल्या अर्जांची यादी दर सोमवारी कॉलेजच्या कार्यालयात छापून जावी, लिपिकाने ती वर्गात न वाचता एकेकाला बोलावून ज्याचं त्याला काय अडलं ते सांगावं, आणि महिन्याच्या अखेरीस किती पूर्ण झाले ते मोजावं. निम्म्या कॉलेजांत ही यादी द्यावी, निम्म्यांत नेहमीचा एसएमएस, म्हणजे फरक दिसेल. अशा तालुक्यांतल्या कॉलेजांत बारावीनंतर येणाऱ्या पोरींपैकी कितीतरी जणी घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या असतात. प्रवेश जुलै-ऑगस्टात होतात, आणि घरी धानाची कापणी सुरू झाली की त्यांचं कॉलेजला येणं कमी होतं. म्हणून हा निरोप कापणीच्या आधी, दसऱ्यापर्यंत त्यांना मिळायला हवा.